बिघडवणारं अपडेट मागे घेताना

गणपतीच्या आधीचे दोन महिने लालबाग-परळ, दादर आणि गिरगावातल्या छपाईवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. मंडळांची पावतीपुस्तकं, कार्यक्रमपत्रिका, जाहिरातींनी भरलेले वार्षिक अहवाल. ते हातावेगळे होतात तोच दिवाळी अंकांचे फर्मे सुरू. यातलं बरंच काम आजही पेजमेकर 7 आणि जोडीला श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम अशा मराठी सॉफ्टवेअरवर चालतं. पेजमेकर 7 बाजारात आलं 2001 साली, आणि त्याची पुढची आवृत्ती कधी आलीच नाही. तरी ते टिकून आहे, कारण गेल्या वर्षीचा अहवाल उघडायचा, आकडे आणि नावं बदलायची, प्रूफ काढायचं, हा क्रम ऑपरेटरच्या हातात मुरलेला आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या फायली याच साच्यात आहेत.

अशा संगणकावर रात्रीतून विंडोजचं अपडेट बसतं आणि सकाळी काम अडतं. मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्यात 1869 पासून शिशाचे खिळे जुळवले जात होते. ते झिजायचे, पण रात्रीतून बदलायचे नाहीत. संगणकावरच्या अक्षरांच्या पायाखालची जमीन मात्र दर महिन्याला थोडी सरकते. सुदैवानं बहुतेक अपडेटं मागे घेता येतात. फक्त त्याला मुदत असते आणि क्रम असतो. मुदत संपण्याआधी, लहान पायरीपासून मोठीकडे, असं गेलं तर काम आणि फायली दोन्ही वाचतात.

आधी ओळखा, नेमकं काय अडलंय

‘पेजमेकर चालत नाही’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. तक्रार कोणत्या जातीची आहे ते पाहिलं, तर निम्म्या वेळा अपडेट काढायची गरजच उरत नाही.

पहिली तक्रार : फाइल उघडते, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट सापडला नाही की संगणक तोच क्रमांक साध्या इंग्रजी फॉन्टात दाखवतो. अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करा आणि फॉन्ट पुन्हा बसवा. इथं एक बारकावा आहे. 2018 च्या शेवटी आलेल्या विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरताही बसवता येतो, आणि अनेक जुन्या प्रोग्रॅमना असा फॉन्ट दिसत नाही. म्हणून फॉन्टच्या फायलीवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा.

दुसरी तक्रार : जुना मजकूर नीट दिसतो, पण नवीन टाइप केलं की इंग्रजी उमटतं. फॉन्ट जागेवर आहे. बटणांचं देवनागरीत रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम सुरू झालेला नाही. तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहा. अँटीव्हायरसनं त्याला अडकवून ठेवलंय का, तेही तपासा.

तिसरी तक्रार : लॉक सापडत नाही असा संदेश येतो. यूएसबीला किंवा जुन्या समांतर पोर्टला लावलेल्या डोंगलशी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या या लॉकशी, बोलणारा ड्रायव्हर अपडेटमध्ये निकामी झालेला असतो. विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालणाऱ्या ड्रायव्हरांवर मान्य स्वाक्षरी असावी लागते आणि हे नियम आवृत्तीगणिक कडक होत गेले आहेत. डोंगलच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळाला, तर तो बसवून बहुधा भागतं.

चौथी तक्रार : सगळं चालतं, फक्त छपाई होत नाही. 9 मार्च 2021 च्या मासिक अपडेटनंतर जगभर हेच झालं. काही कंपन्यांच्या प्रिंटरांना काम पाठवलं की विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडायची. मायक्रोसॉफ्टनं 15 मार्चला दुरुस्ती दिली, पण त्यानंतरही काही कागदांवर चित्रं आणि रेघा गायब होत राहिल्या आणि आणखी एक दुरुस्ती काढावी लागली. दुरुस्ती येईपर्यंतचे ते दिवस अनेकांनी अपडेट काढूनच निभावले.

पाचवी तक्रार : प्रोग्रॅम उघडतच नाही. त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त जुनी विंडोज निवडून पाहा. मात्र प्रोग्रॅम किंवा त्याचा इन्स्टॉलर 16 बिटचा असेल, तर 64 बिटच्या विंडोजवर तो या युक्तीनं चालणार नाही. तिथं तो चालवणारा भागच नसतो. विंडोज 11 फक्त 64 बिटची आहे.

कोणतं अपडेट बसलं ते पाहा

सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ आणि त्यात ‘अपडेट हिस्टरी’ उघडा. तारखेनुसार यादी दिसेल. काम अडलं त्याच्या आदल्या दिवशी काय बसलं, ते एका कागदावर क्रमांकासह लिहून घ्या.

या यादीत मुख्यतः दोन प्रकार असतात. एक मासिक अपडेट. अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते निघतं. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते, म्हणून बिघाड बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी उघडकीला येतो. ते एकत्रित असतं : आधीच्या सगळ्या दुरुस्त्या आणि या महिन्याच्या नव्या, एकाच गाठोड्यात. त्यातली एकच त्रासदायक दुरुस्ती वेगळी काढता येत नाही. काढलं तर अख्खं गाठोडं निघतं आणि संगणक मागच्या स्थितीला जातो.

दुसरा प्रकार वार्षिक आवृत्तीचा, किंवा विंडोज 10 वरून 11 वर नेणाऱ्या मोठ्या बदलाचा. यात विंडोज जवळपास नव्यानं बसते. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात बाजूला ठेवली जाते आणि तुमच्या फायली, प्रोग्रॅम, सेटिंग नव्या घरात हलवले जातात. परतीचा रस्ता म्हणजे हेच फोल्डर. काही वार्षिक आवृत्त्या मात्र आधीच बसलेल्या गोष्टी फक्त चालू करणाऱ्या लहान पॅकेजच्या रूपात येतात. त्या वेळी असं फोल्डर तयार होत नाही आणि ते पॅकेज मासिक अपडेटसारखंच यादीतून काढावं लागतं.

परत फिरण्याआधी तीन कामं

पहिलं, फायलींची प्रत. पेजमेकरच्या फायली, त्यात जोडलेली चित्रं, फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या मूळ सीडीतला मजकूर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. ‘गो बॅक’ बटणानं मागच्या विंडोजवर परतल्यावर फायली राहतात असं विंडोज सांगते आणि बहुधा राहतातही, पण बहुधा यावर छापखाना चालत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये 1809 ही आवृत्ती आली तेव्हा काही जणांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांत वितरण थांबवलं आणि सुधारलेली आवृत्ती नोव्हेंबरात पुन्हा आणली. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती, त्यांचा फक्त वेळ गेला.

दुसरं, कुलुपाची किल्ली. अनेक नव्या संगणकांत डिस्क सांकेतिक रूपात बंद असते. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की विंडोज बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा साठवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून ते खातं उघडून की आधीच कागदावर उतरवा. ती नसेल, तर स्वतःच्याच डिस्कपुढे हात टेकावे लागतात.

तिसरं, पासवर्ड. मोठ्या बदलातून परत आल्यावर जुन्या विंडोजला तेव्हाचा पासवर्ड लागतो. मधल्या दिवसांत तो बदलला असेल, तर जुना आठवून ठेवा.

पायरी पहिली : मासिक अपडेट काढणं

‘अपडेट हिस्टरी’च्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. तिथं कागदावर लिहिलेला क्रमांक शोधा, काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. सगळी अपडेटं अशी निघत नाहीत. अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचं स्वतःचं अपडेट काढता येत नाही. अपडेट काढण्यालाही मुदत आहे. बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती विंडोज आपल्या साठ्यात ठेवते आणि नंतर सफाईत टाकून देते. आपोआप होणारी सफाई किमान 30 दिवस थांबते. ‘डिस्क क्लीनअप’ हातानं चालवलं, तर तेवढंही थांबत नाही. बिघाड दिसल्यावर जागा मोकळी करायचा मोह टाळा.

अपडेट निघाल्यावर लगेच ‘पॉज अपडेट्स’ करा. नाहीतर एक-दोन दिवसांत तेच पुन्हा येऊन बसेल. घरगुती आवृत्तीतही साधारण पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. गणपतीचं काम उरकायला तेवढे पुरतात.

आधीपासून ‘सिस्टिम रिस्टोर’ चालू असेल, तर अपडेटच्या आधीच्या तारखेला परतण्याचा तो दुसरा मार्ग. त्यात कागदपत्रं जागेवर राहतात, मात्र त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात.

पायरी दुसरी : मोठ्या बदलातून परत येणं

विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ या वाटेनं ‘गो बॅक’ हे बटण सापडतं. त्याची मुदत फक्त 10 दिवस. विंडोज 10 सुरुवातीला आली तेव्हा ती महिनाभराची होती, 2016 पासून 10 दिवसांवर आली. मुदत संपली की ‘विंडोज डॉट ओल्ड’ पुसलं जातं आणि बटण फिकट पडतं. तंत्रज्ञाकडून अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांडनं ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवून घेता येते, पण पहिले 10 दिवस उलटायच्या आत. म्हणून मोठं अपडेट बसलं त्याच आठवड्यात प्रत्येक जुना प्रोग्रॅम मुद्दाम उघडून पाहा : गेल्या वर्षीचा अहवाल उघडा, दोन ओळी टाइप करा, एक पान छापा, एक पीडीएफ काढा. गणपती ऑगस्टात आणि अपडेट मे महिन्यात, असं झालं तर बिघाड कळेपर्यंत रस्ता बंद झालेला असतो.

बटण दाबण्याआधी ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर जागेवर आहे का पाहा, मध्यंतरी नवीन वापरकर्ता खातं तयार केलं असेल तर ते काढा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. परतल्यावर अपडेटनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग राहणार नाहीत. मधल्या दिवसांत बनवलेल्या फायली सहसा राहतात, पण वर सांगितलेली प्रत यासाठीच आहे.

एक परिस्थिती वेगळी समजून घ्यायला हवी. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्या सुमारास अनेकांनी संगणकवाल्याला बोलावून डिस्क कोरी करून विंडोज 11 बसवून घेतली. जुना संगणक 32 बिटच्या विंडोजवर असेल, तर दुसरा इलाजही नव्हता, कारण तिथून अपडेटच्या वाटेनं विंडोज 11 वर जाता येत नाही. अशा संगणकावर ‘गो बॅक’ नसतंच. तिथं परतायचं, तर आधी काढलेली अख्ख्या डिस्कची प्रतिमा हवी. क्लोनझिला हे मोफत साधन अशी प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतं आणि हवी तेव्हा जशीच्या तशी परत बसवतं. कोणीही तुमच्या कामाच्या संगणकाला हात लावण्याआधी ‘दादा, आधी इमेज काढा, मग पुढचं’ हे एक वाक्य ठामपणे सांगा.

संगणक सुरूच होत नसेल तर

विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता अडखळली, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असं आत जा. ‘लेटेस्ट क्वालिटी अपडेट’ म्हणजे मासिक आणि ‘लेटेस्ट फीचर अपडेट’ म्हणजे मोठा बदल. आधी मासिक काढून पाहा. इथंच ती 48 अंकी की लागू शकते.

मॅकवर काम करणाऱ्यांसाठी वाट वेगळी आणि लांबची आहे. ऑक्टोबर 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून 32 बिटचे प्रोग्रॅम मॅकवर चालेनासे झाले. तिथं मोठ्या आवृत्तीतून मागे येण्याचं बटण नाही. डिस्क पुसून जुनी आवृत्ती बसवायची आणि टाइम मशीनच्या बॅकअपमधून फायली आणायच्या. शिवाय यंत्र मुळात ज्या आवृत्तीसह आलं, तिच्याही मागे सहसा जाता येत नाही.

परत आल्यावर

जुन्या स्थितीत कायम राहायचं ठरवलं, तर त्याची किंमत मोठी आहे. मार्च 2017 मध्ये विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मासिक अपडेटनं दिली. ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांना मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं गाठलं. त्याच त्रुटीचा एक साधन म्हणून वापर करणारं नॉटपेट्या जूनमध्ये पसरलं आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणांबरोबर आपल्या न्हावा शेव्यातल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. अपडेट काढलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे गाळ्याचं शटर अर्धं उघडं टाकून घरी जाणं.

म्हणून दोन संगणकांची कामं वेगळी करा. एकावर पेजमेकर आणि मराठी सॉफ्टवेअर, त्याला इंटरनेट नाही, अपडेट नाही. ग्राहकांचे मेल, व्हॉट्सअॅप, बँक हे सगळं दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर. फायली पेनड्राइव्हवरून हलवताना दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासून घ्या. जुनं पण चालू स्थितीतलं यंत्र किंवा सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

दुसरा उपाय आभासी संगणकाचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनात नव्या विंडोजच्या आत जुनी विंडोज एका खिडकीत चालवता येते. त्यासाठी जुन्या विंडोजचा परवाना हवा. 32 बिटची विंडोज निवडली, तर 16 बिटचे इन्स्टॉलरही बहुधा चालतात आणि यूएसबी डोंगल आतल्या विंडोजकडे सोपवता येतो. सगळं नीट बसलं की त्या अवस्थेची नोंद करून ठेवायची, म्हणजे ‘स्नॅपशॉट’ घ्यायचा. पुढे काही बिघडलं, तर दोन मिनिटांत त्याच अवस्थेला परतता येतं. बाहेरची विंडोज मग बिनधास्त अद्ययावत ठेवा.

खरं काम मात्र मजकुराचं आहे. मंडळांच्या जुन्या अहवालांत देणगीदार आहेत, कार्यकर्ते आहेत, देखाव्यांची वर्णनं आहेत. गिरगाव आणि लालबागच्या वस्त्यांचा कित्येक वर्षांचा इतिहास या फायलींत पडून आहे आणि तो जुन्या फॉन्टांच्या क्रमांकांत बंद आहे. तो युनिकोडमध्ये आणला, की कोणत्याही संगणकावर, फोनवर वाचता येईल, शोधता येईल. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्याच क्रमानं साठवलेली असतात. ‘मिरवणूक’मध्ये आधी पहिली वेलांटी येते, मग ‘म’. युनिकोडमध्ये आधी ‘म’, मग वेलांटी. ‘वर्गणी’त जुन्या पद्धतीनं ‘ग’ आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘ग’च्या आधी. साधनाला प्रत्येक शब्दात ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरं, रफार, अनुस्वार इथं ते चुकतं. रूपांतर केलेल्या मजकुराचं मूळ छापील प्रतीवरून मुद्रितशोधन करायलाच हवं, विशेषतः नावांचं. पेजमेकर युनिकोड ओळखत नाही, त्यामुळे पुढची मांडणी इनडिझाइन किंवा मोफत मिळणाऱ्या स्क्रायबसच्या नव्या आवृत्तीत करायची तयारी ठेवा.

हंगामात हे जमणार नाही. अपडेट मागे घेतल्यानं मिळालेला महिना गणपतीच्या कामाला द्या. दिवाळी अंक हातावेगळे झाले की दर आठवड्याला एक जुना अहवाल घ्या : रूपांतर, वाचन, दुरुस्ती आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत. सुरुवात सगळ्यांत जुन्या फायलींपासून करा, कारण त्या उघडणारे संगणक सगळ्यांत आधी संपणार आहेत.